बेरियम तपासणीत रुग्णाला सारखे का वळवतात?

‘उताणे झोपा... आता डाव्या कुशीवर... श्वास रोखा... हलू नका...’ बेरियमची तपासणी करून घेतलेल्यांच्या लक्षात राहतात त्या या सूचनाच. पोट उपाशी, तोंडात खडूसारखी चव आणि त्यात ही कवायत. वैतागलेला रुग्ण अर्धवटच वळतो, मध्येच श्वास सोडतो आणि नेमका तोच फोटो पुसट येतो. मग फोटो पुन्हा काढावा लागतो, म्हणजे किरणोत्सर्गाची मात्राही वाढते. ही कवायत नेमकी कशासाठी असते?

बेरियम काय करते?

साध्या एक्स-रेमध्ये हाडे ठळक दिसतात. अन्ननलिका, जठर आणि आतडी मात्र आसपासच्या मऊ अवयवांत मिसळून जातात. बेरियम सल्फेटची पांढरी भुकटी पाण्यात कालवून पाजली, की ती क्ष-किरण अडवते आणि पोकळ अवयवाचा आकार उमटतो. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. सल्फेट मात्र पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे ते रक्तात न शिरता शौचावाटे बाहेर पडते.

मग वळायचे कशाला?

कारण बेरियम जड असते. ते नेहमी खाली साचते आणि हवा वर चढते. जठर काही सरळ पिशवी नाही. त्याचा वरचा घुमटासारखा भाग पाठीच्या बाजूला कललेला असतो, तर लहान आतड्याकडे जाणारा खालचा भाग पोटाच्या पुढच्या बाजूला येतो. रुग्ण उताणा झोपला, की बेरियम घुमटात साचते आणि हवा पुढच्या भागात जाते. पालथा झोपला, की नेमके उलटे होते.

येथे एक गोष्ट सहसा रुग्णाला कोणी सांगत नाही. बेरियमचे जाड तळे साचले असेल, तर त्याखाली छोटा व्रण किंवा गाठ झाकली जाऊ शकते. आतील अस्तराचे बारकावे सर्वांत स्पष्ट दिसतात ते बेरियमचा पातळ लेप बसलेला आहे आणि समोर हवा आहे अशा जागी. म्हणूनच अनेकदा बेरियमबरोबर वायू तयार करणारी भुकटी देतात आणि ढेकर देऊ नका, असे बजावतात. ढेकर दिली, की हवा गेली! प्रत्येक वळणाला हवेची जागा बदलते आणि जठराची वेगळी भिंत उघडी पडते. एक वळण राहिले, तर एक भिंत नीट न पाहताच तपासणी संपते.

या तंत्राचा कस लागला तो जपानमध्ये. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण तेथे मोठे, त्यामुळे लक्षणे नसलेल्यांचीही बेरियम तपासणी दशकानुदशके होत आली आहे. एक्स-रे यंत्र बसवलेल्या बसगाड्याही त्यासाठी फिरतात. काचेपलीकडचा तंत्रज्ञ ध्वनिक्षेपकावरून सूचना देतो आणि तपासणीसाठी आलेली व्यक्ती टेबलावर स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेते, म्हणजे लेप सगळीकडे बसतो. २०१६पासून तेथील सरकारी मार्गदर्शक सूचनांनी एंडोस्कोपीलाही मान्यता दिली.

अन्ननलिका आणि आतड्यांचे काय?

अन्ननलिका पाठीच्या कण्यासमोरून जाते. सरळ समोरून फोटो काढला, तर ती कण्यावरच येते. रुग्णाला पालथे झोपवून डावी बाजू साधारण ३५ ते ४० अंश उचलली, की ती कणा आणि हृदय यांच्या मधल्या फटीत मोकळी दिसते. आडवे झोपवून गिळायला लावण्यामागे आणखी एक हेतू असतो. गुरुत्वाकर्षणाची मदत काढून घेतली, की अन्ननलिकेचे स्नायू घास स्वतः पुढे ढकलतात का, हे कळते. उलट, खालची झडप नीट न उघडण्याचा अकॅलेशिया हा विकार असेल, तर रुग्णाला उभे ठेवून १, २ आणि ५ मिनिटांनी किती बेरियम अडकून राहिले, ते मोजतात.

लहान आतड्यासाठी ठरावीक वेळाने फोटो काढतात. पालथे झोपल्यावर पोट दाबले जाते आणि एकावर एक आलेली वेटोळी सुटी होतात. लहान आणि मोठे आतडे जुळते तो भाग त्यामुळे नीट पाहता येतो. आतड्याचा क्षयरोग बहुधा याच जागी होतो, म्हणून आपल्याकडे या भागाला विशेष महत्त्व. मोठ्या आतड्याला यकृत आणि प्लीहेजवळ दोन वळणे असतात. समोरून ती स्वतःवरच दुमडलेली दिसतात. रुग्णाला तिरके केले, की उलगडतात.

रुग्णाने आधी काय सांगावे?

गुडघा वाकत नाही, मान आखडली आहे, चक्कर येते, गिळताना ठसका लागतो, हे सारे टेबलावर चढण्याआधीच सांगावे. टेबल डोक्याकडून खाली झुकवायचे असेल, तर खांद्यांना आधार लावलेला आहे ना आणि मुठी धरायला जागा आहे ना, हे विचारण्यात संकोच नको. गर्भधारणेची शक्यता असेल, तर तेही सांगावे. जठराला किंवा आतड्याला छिद्र पडल्याचा संशय असेल, तर बेरियम टाळून पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त द्रव्य वापरतात. तपासणीनंतर एक-दोन दिवस शौच पांढरट होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बेरियम आत सुकून बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून भरपूर पाणी प्यावे. शौचाला झालेच नाही किंवा पोट दुखू लागले, तर डॉक्टरांना कळवावे.