मुलं मोठी होत गेली, तशा संस्था

१९६४ साली सिंधुताई जोशी यांनी पुण्यात 'कामायनी' सुरू केली, तेव्हा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलासाठी देशात स्वतंत्र कायदा नव्हता. अपंगांच्या हक्कांचा पहिला सर्वंकष कायदा व्हायला १९९५ उजाडलं. म्हणजे मुलांची एक पिढी शाळा शिकून, मोठी होऊन बाहेर पडली, तोवर कायदा पोचलाच नव्हता. पुण्यातल्या विशेष मुलांच्या संस्थांचा विचार करताना हा हिशेब आधी मांडावा लागतो. इथलं पुष्कळसं काम कायद्याची वाट न पाहता, समोरचं मूल बघून सुरू झालं आहे.

आधी शाळा निघाल्या, कारण समोर शाळेच्या वयाची मुलं होती. ती अठरा-वीस वर्षांची झाली आणि 'आता घरीच ठेवा' हे उत्तर ना शिक्षिकांना पटेना, ना आई-वडिलांना. मग शाळेला जोडून कार्यशाळा आल्या. कार्यशाळेतली मुलं चाळिशीकडे झुकली, पालक सत्तरीला आले आणि निवासाचा प्रश्न उभा राहिला. गोखलेनगरच्या कामायनीत शाळा, मोठ्यांसाठी उद्योग केंद्र आणि विशेष शिक्षकांचं प्रशिक्षण, तिन्ही चालतं. मुलांच्या वाढत्या वयाचा माग एकाच संस्थेत असा दिसतो.

नव्या पालकाला मात्र हे सगळं उलट्या बाजूने दिसतं. त्याच्या हातात दोन वर्षांचं मूल असतं. ते हाक मारली तर वळून बघत नाही, किंवा त्याची मान उशिरा सावरलेली असते. घरातली वडीलधारी म्हणत असतात, 'बोलेल हळूहळू, याचा बापसुद्धा उशिराच बोलला.' हे प्रेमाने म्हटलेलं असतं, आणि यातच सगळ्यात मोलाचे महिने जातात. मला या विषयात एकच गोष्ट पोटतिडकीने सांगावीशी वाटते: पुण्यात मुलाच्या प्रत्येक वयासाठी काही ना काही सोय आहे, पण एका सोयीकडून दुसरीकडे नेणारं माणूस नाही. ते काम आई-वडिलांनाच करावं लागतं, आणि ज्यांना पुढची पायरी वेळेत कळते त्यांचीच मुलं तिथवर पोचतात.

पहिली पायरी रास्ता पेठेत आहे. केईएम रुग्णालयाचं टीडीएच मॉरिस चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर हे या क्षेत्रातलं शहरातलं जुनं नाव. तिथल्या डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास 'पुणे लो बर्थ वेट स्टडी' म्हणून वैद्यकीय जगात ओळखला जातो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेली, दोन किलोपेक्षा कमी वजनाची बाळं त्यांनी निवडली आणि त्यांचा माग थेट अठराव्या वर्षापर्यंत ठेवला. आपल्याकडे घरं बदलतात, पत्ते बदलतात, मुली सासरी जातात. अशा परिस्थितीत अठरा वर्षं त्याच मुलांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासणं किती चिकाटीचं काम असेल, याची कल्पना करून पाहावी. बाराव्या वर्षी दिसलं ते असं: या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेत होता, पण पूर्ण वजनाने जन्मलेल्या मुलांपेक्षा कमी होता, आणि लेखन व गणितात त्यांना जास्त अडचणी येत होत्या. वरवर 'ठीक आहे' म्हणून सोडून दिलेलं मूल चौथी-पाचवीत का अडखळतं, याचं एक उत्तर त्यात आहे. ज्यांचं बाळ काही दिवस काचेच्या पेटीत होतं, त्यांनी ते गुटगुटीत दिसायला लागलं म्हणून पुढच्या तपासण्या बंद करू नयेत, हा त्याचा साधा अर्थ.

खर्च झेपत नसेल तर औंधचं जिल्हा रुग्णालय गाठावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासतात आणि शंका आली की मुलाला जिल्ह्याच्या 'डीईआयसी'कडे, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सेवा मोफत आहे. कोथरूड-बाणेरच्या फ्लॅटमध्ये वाढणारं मूल अंगणवाडीत जात नाही, म्हणून त्याच्या आई-वडिलांना याचा पत्ताच नसतो. वस्तीतल्या बाईला अंगणवाडी सेविकेमुळे तो आधी लागतो.

थेरपीच्या खोलीत काय चालतं हे बाहेरून कळत नाही, आणि म्हणून पुष्कळ पालक दुसऱ्या महिन्यातच कंटाळतात. 'नुसतं खेळवतात' अशी तक्रार ऐकू येते. त्या खेळाकडे नीट बघितलं पाहिजे. वाटाण्याएवढे मणी उचलून बाटलीत टाकायला लावतात, तेव्हा अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट तयार होत असते; पुढे शर्टाचं बटण आणि पेन्सिल दोन्ही त्याच चिमटीत यायचं आहे. खेळणं मुलाच्या समोर न ठेवता मुद्दाम बाजूला ठेवतात, म्हणजे ते घ्यायला त्याला कमरेतून वळावं लागतं. आठवड्यातून दोन-तीनदा पाऊण तास एवढ्यावर कोणतंही मूल सुधारत नाही. चांगली थेरपिस्ट आईला शेजारी बसवते आणि तेच काम घरी भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना कसं करून घ्यायचं ते दाखवते. दार लावून घेऊन पालकांना बाहेर बसवणाऱ्या ठिकाणी मी तरी मूल पाठवणार नाही.

शहरात थेरपीची दुकानं भराभर निघत आहेत, म्हणून एक खबरदारी सांगितली पाहिजे. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे 'आरसीआय'कडे असावी लागते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी राज्याची वेगळी परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

मग येतं सर्टिफिकेट. पालक एकमेकांशी बोलताना 'चाळीस टक्के झाले का?' असं विचारतात, ते याबद्दल. २०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सातऐवजी एकवीस प्रकारचं अपंगत्व मान्य केलं. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता हे त्यात आलं. चाळीस टक्क्यांपासून पुढे बहुतेक सवलती लागू होतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणीसाठी ससून किंवा औंधसारख्या ठरलेल्या सरकारी रुग्णालयात जायचं, असा क्रम. लहान वयात मिळालेलं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं, त्यावरची मुदत बघून ठेवावी. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, आणि पुढे ठरावीक टप्प्यांवर पुन्हा तपासणी करावी लागते. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती त्यावरच अवलंबून असतात, त्यामुळे नववीच्या दिवाळीनंतर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

पुष्कळ सुशिक्षित घरांत हा कागद काढायची टाळाटाळ होते. 'त्याच्यावर शिक्का बसेल' ही भीती खरी आहे, तिला हसण्यासारखं काही नाही. पण कागद नसला तरी मुलाची अडचण तशीच राहते. हक्क तेवढे हातून जातात. त्यातला एक तर आयुष्यभराचा आहे. सरकारी नोकरांच्या अपंग अपत्याला, ते स्वतः कमावू शकत नसल्यास, आई-वडिलांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी मुलाची नोंद पालक हयात असतानाच कार्यालयात करून ठेवणं शहाणपणाचं. नंतर भावंडांना टाचा झिजवाव्या लागतात.

शाळेचा निर्णय सगळ्यात अवघड. कायदा समावेशक शिक्षणाच्या बाजूने आहे, आणि सहा ते अठरा वयाच्या, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पेठांतल्या आणि उपनगरांतल्या काही शाळा अशा मुलांना मनापासून घेतात, काही 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून परत पाठवतात. विशेष शाळा निवडली तर तिथली मुलं, कार्यशाळा आणि इतर पालक यांची सोबत मिळते. कामायनी आहे; बौद्धिक अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी कोथरूडची 'सावली' आहे; स्वमग्न मुलांसाठी प्रसन्न ऑटिझम सेंटरसारखी वेगळी जागा आहे; लेखन-वाचनात अडणाऱ्यांसाठी डॉ. अंजली मॉरिस यांच्या नावाचं प्रतिष्ठान काम करतं. नुसतं नाव ऐकून जाऊ नये. दोन-तीन ठिकाणी जाऊन, वर्ग चालू असताना बघावं. मुलं खुर्चीत गप्प बसलेली दिसली तर तो गुण समजू नये.

बालकल्याण संस्थेचा उल्लेख आवर्जून करतो, कारण तिथे कुणाला शिकवायची घाई नाही. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं, त्याच सुमाराला गणेशखिंडीत राजभवनालगत ही संस्था उभी राहिली. ती कोणा एका शाळेची नाही. निरनिराळ्या विशेष शाळांतली मुलं बसने तिथे येतात आणि खेळतात, पोहतात, गातात. अंध, कर्णबधिर, बहुविकलांग मुलं एकाच मैदानावर भेटतात. विशेष मुलाचा दिवस उपचारांनी इतका भरून जातो की त्याला नुसतं खेळायचा हक्क आहे, हे घरचेही विसरतात.

आता कार्यशाळेबद्दल. पूना सेवासदनचं 'दिलासा' असो वा कामायनीचं उद्योग केंद्र, दिवाळीच्या आधी पुण्यातल्या अशा कार्यशाळांमध्ये लगबग असते. पणत्या रंगवणं, उटणं भरणं, कागदी पिशव्या, फायली. दयेपोटी घेण्याचा हा माल नव्हे. तो नीट व्हावा म्हणून शिक्षकांनी केलेल्या युक्त्या जवळून पाहाव्यात. समजा, एका पाकिटात दहा मेणबत्त्या भरायच्या आहेत आणि भरणाऱ्याला दहापर्यंत मोजता येत नाही. तर लाकडी पाटीला दहा खाचा पाडतात. प्रत्येक खाचेत एक मेणबत्ती ठेवायची, सगळ्या खाचा भरल्या की उचलून पाकिटात घालायच्या. 'भरलं' आणि 'रिकामं' एवढं कळलं की काम बिनचूक होतं. पिशवी करायची तर एक जण फक्त घडी घालतो, दुसरा आखलेल्या रेघेपर्यंतच गोंद लावतो, तिसरी वरून पट्टी दाबते. प्रत्येक कृतीचे इतके बारीक तुकडे करायचे की त्यातला एक तुकडा प्रत्येकाला पेलेल. महिन्याच्या शेवटी मानधनाचं पाकीट मिळतं. रक्कम लहान असते. पण ते पाकीट वडिलांच्या हातात देताना पस्तिशीतल्या मुलाची मान ताठ असते, आणि 'माझा पगार झाला' हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकू येतं.

अठरावं वर्ष लागलं की आणखी एक गोष्ट बदलते आणि ती फार थोड्यांना माहीत असते. कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होतं, आणि आई-वडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. बँकेत खातं, मालमत्तेचा व्यवहार, सगळं अडतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने मार्ग दिला आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करायचा. भाऊ असो की काका, त्याला उत्तर द्यावं लागतं, ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंतचा खर्च देते, आणि त्यात नियमित थेरपीसुद्धा धरलेली आहे.

राहतो तो प्रश्न पालकांच्या प्रत्येक बैठकीत निघतो: 'आमच्या मागे याचं काय?' १९९०च्या दशकात माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने पालकांनी बदलापूरला 'आधार' उभं केलं आणि प्रौढ मुलांसाठी कायमचं घर कसं असू शकतं हे दाखवलं. पुण्यातही पालकांनी मिळून अशी घरं उभी करायचे प्रयत्न केले आहेत. तरी जागा थोड्या आणि गरज मोठी. सगळ्यांनाच निवास नको असतो, हेही लक्षात घेतलं पाहिजे. पासष्टीच्या आईला बहुधा एवढंच हवं असतं की सकाळी दहा ते पाच मुलगा सुरक्षित, कामात आणि माणसांत असावा, म्हणजे तिला स्वतःच्या गुडघ्यांवर उपचार करून घेता येतील.

ही मागणी अवास्तव नाही. दिव्यांग कल्याण आयुक्तालय याच शहरात आहे. डिसेंबर २०२२मध्ये राज्याने या विषयासाठी स्वतंत्र विभाग केला. महापालिकेची पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत. प्रत्येकाच्या हद्दीत प्रौढ विशेष मुलांसाठी एक दिवसभराचं केंद्र, आणि त्याच केंद्रात नव्या पालकाला रास्ता पेठेपासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंतचा सगळा क्रम समजावून सांगणारा एक पगारी माणूस नेमावा. ते काम आज थेरपी केंद्राच्या बाकावर बसलेल्या आया एकमेकींसाठी करत आहेत, फोनमधले नंबर देऊन, प्रमाणपत्राच्या वैद्यकीय बोर्डाचा वार सांगून, 'त्या ताईंना भेट, माझं नाव सांग' म्हणून.