दुष्काळातले आजोळ

मंडळी, वैशाख आला की तुमच्याही घरी बहिणीची, लेकीची पोरे यायची वेळ होते. अंगणात बाजा पडतात, आंब्याची अढी उघडते आणि घरच्या बाईचे काम दुप्पट होते. आम्हीही एके काळी असेच पाहुणे होतो. त्यातल्या एका सुट्टीची हकीकत आज तुम्हाला सांगतो. साल १९७३.

आमचे गाव फलटणकडचे, निरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचे. आजोळ मोगराळे घाटाच्या वर, माण तालुक्यात. घाटाखाली ऊस आणि घाटावर कुसळे. पण पोराला त्याचे काय? मला मामाची बैलगाडी, विहिरीतले पोहणे आणि आमरस एवढेच ठाऊक.

१९७२ चा पाऊस गेल्यामुळे आई म्हणाली, "यंदा आजोळी नको." मी रडून घर डोक्यावर घेतले. शेवटी वडिलांनी एस. टी.त बसवून दिले. मी तेव्हा दहा वर्षांचा.

फाट्यावर मामा उभा होता, पण गाडी नव्हती.

"मामा, बैलं कुठं हायती?"

"छावणीत गेल्यात," म्हणाला आणि माझी पिशवी खांद्यावर टाकून चालू लागला. छावणीत एकच बैल होता. दुसरा बाजार दाखवून झाला होता, हे मला नंतर मामेभावाने सांगितले.

घरी पोचल्यावर मामीने घंगाळभर पाणी काढून दिले. मी ते सगळे अंगावर ओतले आणि वर आणखी तांब्याभर मागितले. आजीने तोंड फिरवले. मामीने तांब्याही दिला.

दुसऱ्या रात्री मला जाग आली तेव्हा मामी आणि मामेबहीण घागरी घेऊन निघाल्या होत्या. मीही मागे लागलो. ज्या विहिरीत आम्ही उड्या मारायचो, तिच्या तळाशी तेवढा एक झरा उरला होता. काठावर बायांच्या घागरींची रांग. आमची पाळी आली तशी बहीण पायऱ्या उतरून गेली. पायऱ्या संपल्या तिथून पुढे दोर धरून तळाला. वाटीने पाणी घ्यायचे, पोहऱ्यात ओतायचे, पुन्हा वाटीभर साचायची वाट पाहायची. मामी वरून पोहरा ओढी. दोन घागरी भरेपर्यंत उजाडले. परत येताना मला ते घंगाळच डोळ्यांपुढे दिसत होते. त्यानंतर मी अंघोळीचे नाव काढले नाही. उलट, दोराने उतरायचे काम मागून घेतले. मामी नको नको म्हणत होती, पण बहीण दमली होती.

दिवसा घरात आजीशिवाय कोणी नसे. सगळे पाझर तलावाच्या कामावर. त्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती. मला दिसली ती एका माळावरची. पुरुष टिकावाने खणत, बाया डोक्यावरून पाट्या वाहत, मुकादम मस्टरवर हजेरी घेई. मामा आपल्या रानाचा धनी. त्याच्याकडे मजुरीला येणारा गडी आणि तो आता एकाच खड्ड्यात खणत होते. बोलणे नेहमीसारखेच. फक्त कोणी ओळखीचे दिसले की मामा पटका डोळ्यांवर ओढून घेई.

जेवायला रेशनचा मिलो. अमेरिकेहून आलेली ती तांबडी ज्वारी तुमच्यापैकी साठीपुढच्यांनी खाल्ली असेल, तेव्हा तिची चव मी सांगायला नको. माझ्या ताटात मात्र पांढरी भाकरी पडे. आजीच्या ताटातही तांबडी होती आणि माझ्या पांढरी, हे मला आठ दिवसांनी उमगले. लहान पोर आंधळेच असते म्हणायचे.

कामावर पोरांना सुकडी वाटत. गोड लागते म्हणून एके दिवशी मामेभावाबरोबर मीही रांगेत उभा राहिलो. मामाने लांबून पाहिले. टिकाव टाकून आला आणि दंडाला धरून मला बाजूला घेतले. वाटले, आता मारणार. पण तो माझ्यापुढे उकिडवा बसला.

"तुझ्या आईला सांगू नगंस. तिच्या पोराला म्या दुष्काळाचं खायला घातलं, असं तिला वाटाय नगं."

मी मान डोलावली. हातातली सुकडी त्याने टाकू दिली नाही. "खा आता," म्हणाला आणि परत खड्ड्यात उतरला.

निघताना भाच्याला कापड करायची रीत. त्या साली कापड कुठले? मामीने ओटीत आलेला खण काढला आणि रात्रीत त्याची पाटी-पुस्तकाची पिशवी शिवून दिली. शाळेत पोरे त्या खणाच्या पिशवीला हसत, तरी मी ती तीन वर्षे वापरली.

घरी आईने पहिला प्रश्न केला, "आमरस झाला का रं?"

"रोज झाला," मी ठोकून दिले.

तिने माझे हात उलटे करून पाहिले. तळव्यांना दोराचे घट्टे पडले होते. पुढे तिने काही विचारले नाही. चार दिवसांनी वडील ज्वारीचे पोते एस. टी.च्या टपावर टाकून घाट चढून गेले.

मामाने पोते ठेवून घेतले. पुढच्या वैशाखात मला न्यायला आला, तेव्हा टपावरून आधी तेवढेच भरलेले पोते उतरले आणि त्यामागून आंब्यांची पाटी.