मनाचा कणा

पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो. मेंदूची आज्ञा तोच हातापायांपर्यंत पोहोचवितो. त्याला मोठी इजा झाली, की इजेच्या खालचे अवयव लुळे पडतात. त्याबरोबर मनही खचते. 'आता आपला कोणाला काय उपयोग?' असे त्या माणसाला वाटू लागते.

दुसऱ्या महायुद्धात अनेक सैनिकांवर हा प्रसंग आला. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉक्टर लुडविग गुटमान यांनी अशा रुग्णांच्या उपचाराचा भार स्वीकारला. अंथरुणावर पडून जखमा होऊ नयेत, म्हणून रुग्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळविण्यात येई. परंतु शरीर वाचले, तरी मन उभे राहिले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी रुग्णांना सुतारकामासारख्या उद्योगांस लाविले आणि खेळांत उतरविले. २९ जुलै १९४८ रोजी तेथे १६ जणांनी चाकांच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा केली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक स्पर्धा जन्मास आल्या. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले महाराष्ट्राचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली याच स्पर्धांत पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले.

खचलेल्या मनाला नुसती कीव पुरत नाही. त्याला काम हवे, खेळ हवा आणि बरोबरीने वागविणारे सोबती हवेत.