नवा गुडघा आणि घरचा व्यायाम

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेला मनुष्य हल्लीं बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशींच घरीं येतो. दारांत भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, पलंग खिडकीपाशीं सरकविलेला असतो, आणि पहिलें प्रेमाचें कृत्य म्हणून कोणी तरी त्या दुखऱ्या गुडघ्याखालीं एक मऊ उशी ठेवतें. रोग्याला तत्काळ बरें वाटतें, कारण सुजलेला सांधा किंचित् वांकवून ठेवला कीं आंतला ताण कमी होतो. परंतु पुढील कित्येक महिन्यांच्या त्रासाला आरंभ बरेचदां ह्या उशीपासूनच होतो. रात्रंदिवस वांकलेला राहिलेला गुडघा तसाच आखडतो, पूर्ण सरळ होईनासा होतो, आणि मग रोगी नव्या सांध्यानेंहि लंगडतच चालतो. उशी द्यावयाचीच तर ती टांचेखालीं द्यावी. म्हणजे गुडघा अधांतरीं राहून स्वतःच्या वजनानें सरळ होऊं लागतो. त्यानें थोडें दुखतें, पण तें दुखणें सोसण्यासारखें आहे.

शस्त्रवैद्याची कामगिरी कमी लेखण्याचें कारण नाहीं. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनीं १८९० सालीं क्षयानें नासलेल्या गुडघ्याच्या जागीं हस्तिदंती सांधा बसविला होता. परंतु तो प्रयत्न जंतुदोषापुढें टिकला नाहीं. आजच्या सांध्यांची धर्ती न्यूयॉर्क येथें जॉन इन्सॉल व त्यांचे सहकारी यांनीं १९७४ च्या सुमारास घालून दिली. मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर बैठक आणि मध्यें प्लॅस्टिकची गादी, अशी ही रचना असते. हाडावर हाड घासण्याची वेदना तिनें थांबते. मात्र सांधा हलवावयाचा तो स्नायूंनीं, आणि स्नायु जुनेच असतात.

मांडीच्या पुढील बाजूस जो मोठा चतुःशिरस्क स्नायु आहे, त्याच्यावर उभें राहण्याची सारी मदार असते. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरानें मोजलें, तर त्याचें बळ पूर्वींच्या निम्म्याहूनहि कमी भरतें. इतक्या थोड्या दिवसांत स्नायु वाळून जातो म्हणून हें घडतें असें नव्हे. सुजलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूकडे जे संदेश जातात, त्यांमुळें ह्या स्नायूला मिळणारा हुकूमच अडविला जातो. “पाय उचला” म्हटल्यावर रोगी जोर करतो, कपाळावर घाम येतो, आणि पाय गादीवरून तसूभरहि उठत नाहीं. घरच्यांना हा भित्रेपणा वाटतो, क्वचित् कोणी तसें बोलूनहि दाखवितें. तो रोग्यावर निव्वळ अन्याय आहे.

ह्यावरचा उपाय दिसावयास अगदीं क्षुल्लक आहे. पाय पसरून गुडघ्याची मागील बाजू गादीवर दाबावयाची, मांडी घट्ट झाली कीं पांच आंकडे मोजावयाचे आणि सोडून द्यावयाचें. असें दहा वेळां, दिवसांतून तीन-चारदां. मांडीवर आपलाच हात ठेवला, तर स्नायु जागा होऊं लागल्याचें रोग्याला स्वतःला कळतें. वांकविण्याच्या व्यायामासाठीं जुन्या सुती साडीची पट्टी तळपायाखालून घेऊन दोन्ही हातांनीं टांच आपल्याकडे ओढावी. पायांत मोजा असला म्हणजे टांच गादीवरून सहज सरकते. घोटा वरखालीं हलविणें हें तर पडल्या पडल्या होतें, आणि पोटरीच्या शिरांत रक्त सांकळूं न देण्यास त्याची मदत होते.

किती वांकलें म्हणजे पुरे? सपाट जमिनीवर चालण्यास सुमारें ६५ अंश लागतात, जिना उतरण्यास ९०, आणि बुटक्या खुर्चीवरून उठण्यास शंभराच्या आसपास. पहिल्या सहा आठवड्यांचें महत्त्व ह्यासाठीं कीं, तेवढ्या काळांत सांध्याभोंवतीं व्रणाचे तंतु तयार होतात व पुढें ते घट्ट होत जातात. फारच मागें पडलेला गुडघा भूल देऊन वांकवावा लागतो. घरीं प्रगति मोजण्यास यंत्र नको. रोज त्याच खुर्चीवर बसून टांच जितकी मागें जाईल तेथें फरशीवर खडूनें रेघ ओढावी. आठवड्याच्या रेघा पाहिल्या कीं रोग्याचा धीर वाढतो.

वेदनाशामक गोळी व्यायामापूर्वीं अर्धा-पाऊण तास घेतलेली बरी. “दुखेल तेव्हांच घेईन” हा बाणा येथें उपयोगी नाहीं. व्यायामानंतर रुमालांत गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटें ठेवावा. ठणका दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला आणि सूज वाढली, तर आवृत्त्या कमी कराव्यात; व्यायाम बंद करूं नये. जखम पूर्ण भरेपर्यंत मालिशवाल्याला मात्र दाराबाहेरच ठेवावें.

हें सारें घरीं नीट साधेल काय, अशी शंका येणें साहजिक आहे. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें १६५ रोग्यांवर एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. कांहींना दहा दिवस रुग्णालयांत ठेवून व्यायाम देण्यांत आला व मग घरचा कार्यक्रम देण्यांत आला. कांहींना प्रथमपासून घरचाच. सव्वीस आठवड्यांनंतर सहा मिनिटांत किती चालतां येतें हें पाहिलें, तेव्हां दोहोंत लक्षांत घेण्याजोगा फरक आढळला नाहीं. घरच्या रोग्यांवरहि जाणत्यांची देखरेख होती, हें मात्र विसरतां कामा नये. शेजाऱ्यानें सांगितलेला व्यायाम म्हणजे घरचा व्यायाम नव्हे.

चालतांना काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातांत धरावी. जिना चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना शस्त्रक्रियेचा आधीं. पायपुसणीं व सतरंज्या कांहीं दिवस गुंडाळून ठेवाव्यात, न्हाणीघर कोरडें असावें. पोटरी एकाएकीं दुखून सुजली, जखमेंतून स्राव येऊं लागला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांना कळवावें; धाप लागली किंवा छातींत दुखलें, तर क्षणभरहि न थांबतां रुग्णालय गांठावें.

राहतां राहिला पाटाचा प्रश्न. मांडी घालून किंवा उकिडवें बसण्यास जेवढा बांक लागतो, तेवढा बहुतेक नव्या गुडघ्यांना येत नाहीं, आणि त्या बैठकींत प्लॅस्टिकच्या गादीवर भारहि फार पडतो. म्हणून पुष्कळ शस्त्रवैद्य ती वर्ज्य सांगतात. कांहीं सांध्यांत थोडी मोकळीक असते, ती ज्याची त्यानें विचारून घ्यावी. जेवण टेबलावर आणणें सोपें आहे. देवपूजेपाशीं मात्र वृद्ध मंडळी अडून बसतात, आणि अशा पुष्कळ घरांत शेवटीं देव्हाराच मेजाच्या उंचीवर चढतो.