भरती पाहून जायचा दर्गा

ठाण्यातल्या खोपटहून मुंबईच्या हाजी अलीला जायचं तर ठाण्याला लोकल पकडावी, दादरला उतरून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी गाठावं आणि पुढे टॅक्सी करावी. मात्र निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवावी. वरळीच्या किनाऱ्यापासून आत, खडकाळ बेटावर हा दर्गा उभा आहे. तिथे नेणारी अरुंद वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. मग समुद्र ओसरेपर्यंत अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे.

पीर हाजी अली शाह बुखारी हे बुखाऱ्याचे, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातले, श्रीमंत व्यापारी. सारी मालमत्ता सोडून ते इथे स्थायिक झाले, असं सांगतात. हजच्या वाटेवर त्यांचं निधन झालं आणि त्यांची शवपेटी तरंगत याच खडकांना येऊन लागली, अशी आख्यायिका आहे. दर्ग्याच्या उभारणीचं साल परंपरेने १४३१ मानलं जातं.

पांढराशुभ्र घुमट आणि ८५ फुटी मनोरा दुरूनही नजरेत भरतो. संगमरवर राजस्थानातल्या मकराण्याचा, ताजमहालाला वापरलेला. हा दगड पाणी फार कमी शोषतो, त्यामुळे खाऱ्या वाऱ्यात तो तग धरतो. आत मजारीवर लाल-हिरवी जरीची चादर असते. भोवती चांदीची चौकट, तिला संगमरवरी खांबांचा आधार. दालनात निळ्या, हिरव्या, पिवळ्या काचांच्या नक्षीत अल्लाची ९९ नावं गुंफली आहेत. मान वर करून ती वाचताना मागच्या रांगेचा धक्का बसतोच. गुरुवार-शुक्रवारी गर्दी अधिक, आणि नवस बोलणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं.

या दर्ग्याचं महत्त्व वास्तुकलेपुरतं नाही. २०१२च्या सुमारास महिलांना मजारीच्या गाभ्यात जायला मनाई झाली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ नियाझ आणि झकिया सोमण न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी ही बंदी घटनेच्या १४, १५ आणि २५ या कलमांचा भंग करणारी ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे दर्ग्याच्या ट्रस्टने प्रवेश द्यायची तयारी दाखवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात महिला पुन्हा आत गेल्या. भरतीपुढे कुणाचं चालत नाही, पण माणसांनी घातलेली आडकाठी माणसांनाच काढता येते. मुस्लिम महिलांनीच लढून मिळवलेला हा निकाल म्हणूनच इथल्या संगमरवराइतका मोलाचा आहे.