दोष कोणाचा? एका दुर्मिळ आजाराची ओळख



आपण दिलेल्या वैद्यकीय मदतनिधीतून गेल्या वर्षी एका आदिवासी मुलीची जनुकीय तपासणी करण्यात आली. औषधापेक्षा तपासणीवर एवढा खर्च कशासाठी, असे काही मंडळ्यांनी प्रेमाने विचारले. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर द्यावे म्हणून हा लेख. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. त्यांचे व पाड्याचे नाव मात्र देत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या एका पाड्यावर ही मुलगी राहते. वय ९ वर्षे. मी तिला पहिल्यांदा आश्रमशाळेत पाहिले तेव्हा ती शेवटच्या बाकावर बसली होती. सतत खोकते, नाक वाहते, कानातून घाण वास येतो, म्हणून मुलींनी तिला मागे बसवले होते. तिची आई म्हणाली, "बाई, ही जन्मली तेव्हापासून खोकतेच आहे. पावसाळा नाही, उन्हाळा नाही."

दोन वेळा तिला क्षयरोगाची सहा-सहा महिन्यांची औषधे देऊन झाली होती. यात मी कोणा डॉक्टरांना बोल लावत नाही. आपल्या भागात क्षयरोग आहेच. लहान मुलांना थुंकी काढून देता येत नाही, त्यामुळे जंतू सापडला नाही तरी लक्षणे आणि एक्स-रे पाहून औषधे सुरू करावी लागतात. पण दोन वेळा औषधे होऊनही खोकला तसाच राहिला, तेव्हा प्रश्न पडायला हवा होता. तो मलाही पडला नव्हता, हे मी कबूल करते.

घरातली गोष्ट याहून दुःखाची होती. या बाईचे पहिले मूल पूर्ण दिवसांचे जन्मले, पण श्वासाला त्रास होऊन दहाव्या दिवशी गेले. त्यानंतर ही मुलगी अशी. पाड्यावर कुजबुज सुरू झाली आणि एक दिवस कोणीतरी तिला 'डाकीण' म्हटले. सातपुड्यात या एका शब्दाने बाईचे घर सुटते, कधी जीवही जातो. आपल्या विश्वासणाऱ्यांनीही तिला आधार दिला नाही. एका प्रार्थनासभेत तिला सर्वांसमोर विचारण्यात आले, "तुझ्या घरात कोणते पाप लपले आहे?" मी त्या सभेत होते. मी गप्प बसले.

एक्स-रे उलटा नव्हता

पुढे एका मिशन रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांनी मुलीचा नवा एक्स-रे काढायला सांगितला. फिल्मवर हृदय उजवीकडे दिसत होते. तंत्रज्ञाला वाटले, फिल्म उलटी धरली गेली. पण कोपऱ्यातली बाजूची खूण बरोबर होती. डॉक्टरांनी मुलीच्या छातीवर उजवीकडे स्टेथोस्कोप ठेवला, तर ठोके तिथेच जोरात ऐकू येत होते. सोनोग्राफीत यकृत डावीकडे आणि प्लीहा उजवीकडे निघाली. पोटातले आणि छातीतले सगळे अवयव आरशात दिसावेत तसे उलट बाजूंना होते.

अवयव असे उलट असले तरी माणूस ठणठणीत जगू शकतो. पण उलट अवयव आणि जन्मापासूनचा ओला खोकला ही जोडी एकत्र दिसली की डॉक्टर सावध होतात. १९३३ मध्ये झुरिकच्या कार्टागेनर नावाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचे वर्णन केले होते. त्यामागचे कारण मात्र १९७६ मध्ये, स्वीडनचे शास्त्रज्ञ अफझेलियस यांच्या संशोधनामुळे उलगडले. या आजाराला आज 'प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया', थोडक्यात पीसीडी म्हणतात.

न दिसणारे झाडूवाले

आपल्या नाकात, कानाच्या नळीत आणि श्वासनलिकेत आतून अतिसूक्ष्म केसांचे आवरण असते. त्यांना सिलिया म्हणतात. एका पेशीवर असे सुमारे दोनशे केस असतात आणि ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात. बांधकामावर मजुरांची रांग हातोहात घमेली पुढे सरकवते, तसे हे केस धूळ, जंतू आणि कफ घशाकडे ढकलत राहतात. हे काम रात्रंदिवस चालते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

पीसीडी असलेल्या मुलात ही रांग जागच्या जागी उभी राहते किंवा वेडीवाकडी हलते. कफ साचतो, त्यात जंतू वाढतात. मुलाला खोकूनच छाती साफ करावी लागते, म्हणून खोकला कधी थांबत नाही. कानात पाणी साचून ऐकू कमी येते. वर्षे गेली की फुप्फुसातल्या नळ्या सैल होऊन कायमच्या खराब होतात.

मग हृदयाचे काय? आईच्या उदरात गर्भ अगदी लहान असताना, असेच काही केस गोल फिरून द्रवाचा एक प्रवाह डावीकडे वाहवतात. डावी बाजू कोणती, हे शरीराला त्या प्रवाहावरून कळते. केस फिरले नाहीत तर हृदय कोणत्या बाजूला जाईल याचा नेम राहत नाही. म्हणून पीसीडीच्या सुमारे निम्म्या मुलांत अवयव उलट असतात आणि उरलेल्या निम्म्यांत नेहमीच्या जागी. ज्यांचे हृदय डावीकडेच असते, त्यांचा आजार ओळखणे आणखी अवघड जाते.

जनुकीय तपासणी कशी झाली

पीसीडी ओळखण्याची एकच सोपी तपासणी नाही. नाकातल्या हवेतील नायट्रिक ऑक्साइड मोजतात. या आजारात ते फार कमी असते. नाकातून पेशी खरवडून केसांची हालचाल वेगवान कॅमेऱ्याने टिपतात किंवा त्यांची रचना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहतात. ही साधने फार थोड्या ठिकाणी आहेत आणि त्यासाठी रुग्णाला तिथवर न्यावे लागते. जनुकीय तपासणीसाठी मात्र रक्ताचा नमुनाच प्रवास करतो. मुलीच्या दंडातून चमचाभरापेक्षाही कमी रक्त घेतले, जांभळ्या झाकणाच्या नळीत भरले आणि कुरियरने शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले.

आपल्या शरीरात सुमारे वीस हजार जनुके आहेत. प्रत्येक जनुक म्हणजे एखादा भाग घडवण्याचा लेखी आराखडाच. प्रयोगशाळेत हे आराखडे यंत्राने वाचतात आणि कुठे अक्षर चुकले आहे ते शोधतात. पीसीडीला कारण होणारी पन्नासहून अधिक जनुके आतापर्यंत सापडली आहेत. या मुलीत बिघाड निघाला तो डीएनएएच-५ या जनुकात. केस हलवणाऱ्या सूक्ष्म मोटारीचा एक भाग या जनुकावरून घडतो. त्याचा या आजाराशी असलेला संबंध २००२ मध्ये उघड झाला.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. पीसीडी असलेल्या दहापैकी दोन-तीन मुलांत आजच्या तपासणीत काहीच सापडत नाही. कधी असा बदल सापडतो की तो घातक की निरुपद्रवी हे सांगता येत नाही. म्हणून अहवाल निर्दोष आला तरी 'आजार नाहीच' असे म्हणता येत नाही. लक्षणे आणि अहवाल दोन्ही एकत्र पाहून अर्थ लावणारा जाणकार डॉक्टर लागतो. खर्चही मोठा आहे. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाची काही महिन्यांची कमाई त्यात जाते. तो भार आपण सर्वांनी उचललात.

आईच्या डोळ्यांतले पाणी

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. सिकलसेल आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. पिवळे कार्ड, लाल कार्ड आपण पाहतो. पीसीडीचेही बहुतेक वेळा तसेच असते. एक प्रत बिघडलेली असेल तर माणूस निरोगी राहतो. तो फक्त वाहक असतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तरच मूल आजारी पडते. आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते.

आईवडिलांचेही रक्त तपासले गेले. एक बिघाड वडिलांकडून आला होता, दुसरा आईकडून. समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांनी टेबलावर चार गारगोट्या मांडून हे दोघांना समजावले. आई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती. मग तिने पावरीत विचारले, "म्हणजे हे माझ्या एकटीमुळे नाही?" डॉक्टर म्हणाले, "तुमच्या दोघांपैकी कोणाच्याच करण्यामुळे नाही." नवऱ्याने मान खाली घातली. परत येताना जीपमध्ये तो तिला म्हणाला, "मी पाड्यावर सांगेन." आणि त्याने सांगितले. सासूसमोर, पाटलासमोर.

पहिले मूल याच आजाराने गेले का? पीसीडीच्या बऱ्याच बाळांना पूर्ण दिवसांचे असूनही जन्मतः श्वासाचा त्रास होतो. पण त्या बाळाची तपासणी झाली नव्हती, म्हणून आम्ही खात्रीने काही म्हणालो नाही.

अहवालाचा मोठा लाभ धाकट्या भावाला झाला. तो दीड वर्षाचा आहे. त्याचे हृदय डावीकडेच आहे, त्यामुळे त्याचा कोणाला संशय आला नसता. पण त्यालाही जन्मल्यावर ऑक्सिजन लागला होता आणि नाक सतत वाहत होते. कोणते जनुक पाहायचे हे आता ठाऊक होते. तपासणी सोपी आणि स्वस्त झाली. त्याच्यातही तेच दोन बिघाड निघाले. बहिणीच्या फुप्फुसाचे जे नुकसान झाले ते भरून येणार नाही. भावाचे अजून झालेले नाही. मधला भाऊ निरोगी आहे. तो वाहक आहे की नाही हे त्याने मोठेपणी स्वतः ठरवून तपासावे, असा सल्ला डॉक्टरांनी दिला.

पीसीडी मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. तरी करण्यासारखे पुष्कळ आहे. मुलगी रोज दोन वेळा छातीचा व्यायाम करते. पाण्याच्या बाटलीत नळी घालून बुडबुडे फुंकते. त्याने कफ सुटतो. भाऊ ते पाहून टाळ्या वाजवतो. कफ वाढला की तो तपासून योग्य प्रतिजैविक दिले जाते. लसी वेळेवर होतात. चुलीचा आणि बिडीचा धूर मुलांपासून दूर ठेवायला घर शिकले आहे. कानांची तपासणी झाली आणि शाळेत ती आता पहिल्या बाकावर बसते, कारण तिला कमी ऐकू येते हे गुरुजींना कळले आहे.

आपण काय लक्षात ठेवावे

पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मतः श्वासाचा त्रास. अगदी बाळपणापासून बारमाही ओला खोकला. तसेच बारमाही वाहणारे नाक. हृदय किंवा इतर अवयव उलट बाजूला. यांपैकी दोन गोष्टी एका मुलात दिसल्या तर त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, त्यांच्या कानावर घाला. मात्र क्षयरोगाची औषधे कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. क्षयरोग या आजारापेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि अर्धवट औषधांनी तो अधिक घातक होतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाविषयी प्रभूला विचारतात की पाप कोणाचे, त्याचे की आईबापाचे. प्रभू दोघांवरही दोष ठेवत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात या अध्यायावर मी पाने भरून लिहिले होते. पण त्या प्रार्थनासभेत तो मला आठवला नाही. गेल्या महिन्यात त्याच सभेत मी उभी राहिले आणि त्या बाईची सर्वांसमोर क्षमा मागितली. ती म्हणाली, "बाई, बसा आता. भाकर खाऊन जा."

प्रार्थनेचे विषय: दोन्ही मुलांच्या फुप्फुसांचे रक्षण व्हावे. पाड्यापाड्यांत 'डाकीण' म्हणून छळल्या जाणाऱ्या बहिणींना संरक्षण मिळावे. तपासणीची वाट पाहणाऱ्या इतर मुलांसाठी मदतनिधी पुरावा. आणि दुखावलेल्याला प्रश्न विचारण्याआधी त्याच्याजवळ बसण्याची बुद्धी आम्हा सेवकांना मिळावी.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक सेविका