पेऱ्याची नोंद कोणाच्या हाती?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या शिवारात रोवणी आटोपली, की धानाला दोन ठिकाणी मूळ धरावं लागतं, एक बांधीत आणि दुसरं सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारामध्ये. तिथे पेरा चढला नाही, तर पीककर्जापासून नुकसानभरपाईपर्यंत आणि हमीभावाच्या धान खरेदी केंद्रावरही शेतकरी अडतो. ही नोंद पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या हातात होती. एका साझ्यात अनेक गावं आणि शेकडो गट. प्रत्येक बांधावर जाणं एका माणसाच्या आवाक्यातलं नव्हतंच.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. महसूल विभागाने टाटा ट्रस्टच्या सहकार्याने उभ्या केलेल्या या ॲपमध्ये शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोटो काढतो, गट निवडतो आणि पीक व क्षेत्र भरतो. तक्रारी लगेच आल्या, आणि त्या खऱ्या होत्या. झाडीपट्टीतल्या गावांत रेंज मिळत नाही, अनेक घरांत साधाच फोन असतो, आणि भरलेलं चुकलं तर पुढे काय, हे कोणी सांगत नाही.

1 ऑगस्ट 2022 ला दुसरी आवृत्ती आली. चुकलेली नोंद 48 तासांत दुरुस्त करता येऊ लागली. मिश्र पिकात मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदवता आली. गटाच्या मध्यबिंदूपासून लांब उभं राहिलं, तर ॲप तशी सूचना देऊ लागलं. यातला सर्वांत मोठा बदल मात्र मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही. शेतकऱ्यांच्या नोंदी स्वयंप्रमाणित मानायच्या आणि तलाठ्याने त्यातल्या 10 टक्के तपासायच्या, असं ठरलं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला असा निर्णय घेताच येत नाही. खातेदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, याची जबाबदारी खुर्चीवरच्या अधिकाऱ्यालाच घ्यावी लागते. माझ्या मते या ॲपमधलं खरं नेतृत्व तिथे दिसलं.

वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून सॉफ्टवेअर बदलण्याची ही रीत नवी नाही. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथे सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या 17 जणांनी अजाईल जाहीरनामा लिहिला. थोडं बनवा, वापरणाऱ्याला दाखवा, त्याचं ऐकून बदला, ही पद्धत त्यानंतर जगभर पसरली. डेटाची अडचण वेगळी आहे. प्रोग्राम रात्रीत बदलता येतो, पण साठलेल्या लाखो नोंदी जुन्याच साच्यात बसलेल्या असतात. स्कॉट ॲम्बलर आणि प्रमोद सदलगे यांनी 2006 च्या ‘रिफॅक्टरिंग डेटाबेसेस’मध्ये यावर वाट दाखवली. साचा लहान टप्प्यांत बदलायचा, जुनी आणि नवी रचना काही काळ सोबत चालू ठेवायची आणि प्रत्येक टप्प्याची चाचणी घ्यायची.

हे इथे किती लागू पडतं, ते वनहक्काच्या पट्ट्यावरून कळतं. 2006 च्या कायद्यानुसार विवाहितांचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावे होतो. खातेदारासाठी एकच रकाना ठेवणारं कोणतंही सॉफ्टवेअर त्या बाईचं नाव पुसतं, तेही कोणाचा तसा हेतू नसताना. रकाना वाढवणं हे तासाभराचं काम. पण आधी भरलेल्या नोंदींत दुसरं नाव शोधून चढवायला माणसं गावात पाठवावी लागतात. त्यासाठी वेळ आणि पैसा देणं वरच्यांच्याच हाती आहे.

वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने संगणकाच्या आधाराची वाट न पाहता नोंदीचं काम गावातल्याच माणसांच्या हाती दिलं. 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची नोंद आणि उपचार, दोन्ही शिकवले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. बाळाचा श्वास मोजणारीच औषध देत होती, म्हणून तिची नोंद कागदावर पडून राहिली नाही.

आता पीक पाहणी केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडली गेली आहे. नियम दिल्लीत ठरतील, तेव्हा बांधीतली तक्रार तिथवर पोहोचायला हवी. दुसऱ्या आवृत्तीत संपूर्ण गावाची पाहणी बघण्याची सोय आली होती. ती यादी दर हंगामात ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, चुका तिथेच लिहून घ्याव्यात, आणि पुढची आवृत्ती बनवणाऱ्यांपैकी कोणीतरी त्या सभेला बसलेलं असावं.